ताटाच्या कडेची भाजी

मधल्या सुटींत प्राथमिक वर्गांच्या पंगतीवरून एक फेरी मारावी. वरणभाताचा केव्हांच फडशा पडलेला असतो. परंतु दुधी, पालक अथवा कारलें ताटाच्या कडेला निमूटपणें सारलेलें दिसतें. हा निव्वळ हट्ट होय काय?

मुलांची ही नावड बऱ्याच अंशीं निसर्गदत्त आहे. गोडाची आवड घेऊनच मूल जन्मास येतें व कडूपासून मागें सरतें, कारण अनेक विषारी वनस्पती चवीस कडू असतात. अनोळखी पदार्थाचें भय दोन ते सहा वर्षांच्या वयांत विशेष प्रबळ असतें. तें जातें तें केवळ ओळखीनें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिअॅन बर्च ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, नवा पदार्थ थोडा थोडा वारंवार चाखावयास मिळाला म्हणजे तो मुलांस आवडूं लागतो. नुसता पाहून हें साधत नाहीं. उलट, बक्षिसाची लालूच दाखवून खाऊ घातलेल्या पदार्थाची गोडी कमी होते.

येथें मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. शिक्षकी पेशाच्या आरंभीं मीं एका मुलास कारल्याची भाजी संपेपर्यंत पंगतीवरून उठूं दिलें नाहीं. डोळे पुशीत त्यानें ती संपविली, आणि मी त्यास शिस्तीचा विजय समजलों. पुढें वर्षभर कारल्याच्या दिवशीं तो पंगतीस येईनासा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सहा ते नऊ वर्षांच्या मुलांस रोज निदान ३५० ग्रॅम भाज्या व फळें सुचविलीं आहेत. (बटाटा त्यांत धरीत नाहींत, हें आमच्या बालमित्रांनीं ध्यानांत ठेवावें!) सरकारी पोषण आहारांत प्राथमिक वर्गांसाठीं भाजीचें प्रमाण ५० ग्रॅम आहे. अर्थात् बाकीचा भार घरच्या ताटावरच पडतो. त्यासाठीं महागड्या सफरचंदांची गरज नाहीं. पेरूंत संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असतें, आणि शेवग्याचा पाला तर परसांतच मिळतो.

यंदा चौथीच्या मुलांनीं कुंपणालगत मुळे पेरले. त्यांची भाजी शिजली त्या दिवशीं मीं कोणास कांहींही सांगितलें नाहीं. मुलांच्याच पंगतीस बसून आपल्या ताटांत वाढून घेतली. कांहीं ताटांच्या कडेला ती तरीही उरली, परंतु प्रत्येक ताटांतील ढिगास बोटांच्या खुणा होत्या.