काचनळीतील यकृत

औषधाची गोळी पोटात गेल्यावर पुढे तिचे काय होते, हा प्रश्न आपणांपैकी थोड्यांनाच पडतो. ताप उतरला की आपले काम झाले! परंतु ते औषध अंगातून बाहेर घालविण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते, आणि ते मुख्यतः यकृत करते.

१९७५ साली लंडनमध्ये सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयातील रॉबर्ट स्मिथ या संशोधकाने डेब्रिसोक्विन हे रक्तदाबावरील औषध सहकाऱ्यांबरोबर स्वतः घेऊन पाहिले. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथसाहेबांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की त्यांना उभे राहवेना. औषध तेच, मग हा फरक का? पुढे उलगडा झाला, की ते औषध पचविणारे यकृतातील एन्झाइम त्यांच्या ठायी जन्मतःच निकामी होते. त्याला आज सीवायपी २डी६ म्हणतात. नाव रुक्ष खरे. पण युरोपीय लोकांत शंभरात पाच-दहा जणांची हीच गत असते. कोडीनपासून मॉर्फीन बनविणारे एन्झाइमही हेच. ते ज्याच्यात नाही त्याचे दुखणे कोडीनने फारसे थांबत नाही. ज्याच्यात फाजील आहे त्याच्या जिवावर नेहमीची मात्राही बेतू शकते.

मग नव्या औषधाचा समाचार कोणते एन्झाइम घेते, हे आधी कळावे कसे? मानवी यकृताचे तुकडे मिळतात थोडे, आणि त्यांत अनेक एन्झाइमांची खिचडी. उंदराची एन्झाइमे आपल्यासारखी नव्हेत. यावरची युक्ती प्रथम वाचली तेव्हा आम्हांस हसूच आले. मानवी एन्झाइमचा जनुक एका विषाणूत बसवितात आणि तो विषाणू लष्करी अळीपासून वाढविलेल्या पेशींत सोडतात. होय, २०१८ पासून आपल्याकडील मक्यावर पडलेली तीच अळी! तिच्या पेशी मग माणसाचे एन्झाइम बनवू लागतात. यीस्ट व जिवाणूंकडूनही हे काम करवून घेता येते. एकटे एन्झाइम मात्र चालत नाही; त्याला इलेक्ट्रॉन पुरविणारे रिडक्टेज हे जोडीदार प्रथिनही लागते. दोन्ही जमली, की त्यांत औषध मिसळून ३७ अंशांवर ठेवावयाचे व किती वेळात किती उरले ते मोजावयाचे.

त्याच नळीत दुसरे औषध टाकले, तर ते पहिल्याची वाट अडविते काय, हेही दिसते. टर्फेनाडिन या ॲलर्जीवरील औषधाचे असेच झाले. बुरशीवरील कीटोकोनाझोल सोबत घेतले की सीवायपी ३ए४ हे एन्झाइम अडे, टर्फेनाडिन रक्तात साचे आणि हृदयाचा ठेका बिघडे. त्यात काही रोगी दगावले, आणि १९९८ साली ते औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले.