घटसर्प आणि पशुपालकाचे शिक्षण

मृगाचा पहिला पाऊस पडून जातो, बांधावर हिरवे कोंब दिसू लागतात, आणि नेमक्या याच दिवसांत गोठ्यातील एखादी म्हैस सकाळी वैरणीला तोंड लावीनाशी होते. तिचे अंग तापलेले असते. तोंडातून लाळ गळत असते. पुढे गळ्याखाली सूज चढते, श्वास घरघरू लागतो, आणि पुष्कळदा दुसरा दिवस मावळण्यापूर्वीच दावे रिकामे होते. या रोगास महाराष्ट्रात घटसर्प म्हणतात. जबलपूरच्या परिसरात त्याचेच नाव गलघोंटू. लहान मुलांच्या घशाला होणाऱ्या घटसर्पाशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही, कारण दोहोंचे जंतू निराळे आहेत. गुरांच्या घटसर्पाचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा हा होय. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याच्या कुळाचे नाव पडले.

हा जंतू पावसाबरोबर वरून पडत नाही. कित्येक धडधाकट जनावरांच्या घशातील गाठींत तो निमूटपणे वस्ती करून असतो. उन्हाळ्यातील अपुऱ्या चाऱ्याने क्षीण झालेले जनावर पावसात भिजले, चिखलात उभे राहिले किंवा कामाने थकले, की त्याची प्रतिकारशक्ती खालावते व जंतूस मोकळे रान मिळते. आजारी जनावराच्या लाळेने दूषित झालेला चारा व पाणी मग दावणीतील इतरांपर्यंत रोग पोचवितात. दमट हवेत जंतू अधिक काळ तग धरतो. गाईपेक्षा म्हैस या रोगास लवकर बळी पडते. जबलपूरजवळ परियट व गौर या नद्यांच्या काठी म्हशींचे मोठमोठे गोठे आहेत. अशा दाटीत एका दावणीचे दुखणे साऱ्या वस्तीचे होण्यास वेळ लागत नाही.

जबलपुरात पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले ते १९४८ मध्ये. त्या काळी जबलपूर व विदर्भ हे एकाच प्रांताचे भाग होते, आणि नागपुरात असे महाविद्यालय निघाले ते थेट १९५८ मध्ये. १९६४ पासून जबलपूरचे महाविद्यालय जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे अंग झाले. २००९ मध्ये तेथे पशुवैद्यकाचे स्वतंत्र विश्वविद्यालय उभे राहिले. आज ते मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव धारण करते.

परंतु विद्यालयात शिकलेला वैद्य आणि गोठ्यातील म्हैस यांच्यामध्ये पशुपालक उभा असतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. लस निरोगी जनावरास टोचावयाची असते. टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून घटसर्पाची लस वैशाख-ज्येष्ठातच, पाऊस येण्यापूर्वी, दिली पाहिजे. त्या वेळी म्हैस तर उत्तम दूध देत असते. धडधाकट जनावराला उगाच सुई कशाला, असे तिच्या मालकास वाटले तर त्यात नवल नाही. लशीने दूध आटते, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. काही जनावरांना टोचल्या जागी गाठ येते, किंचित ताप येतो, आणि दोन-तीन दिवस दूध कमी उतरते. ही गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगितलेली बरी. ती दडविणाऱ्यास पुढच्या वर्षी त्या दारात उभे करीत नाहीत.

रोग झाल्यावर औषध नाही असे नव्हे. ताप चढत असतानाच, म्हणजे पहिल्या काही तासांत, जंतुनाशक औषध मिळाल्यास जनावर वाचू शकते. गळा सुजल्यानंतर मात्र उपाय क्वचितच लागू पडतो. यास्तव पावसाळ्याच्या तोंडी चारा टाकलेल्या जनावराचा ताप तत्काळ पाहावा, त्यास इतरांपासून वेगळे बांधावे व पशुवैद्यास कळवावे. दूरध्वनीवरून फिरते पथक बोलावण्यासाठी आता १९६२ हा क्रमांक आहे.

लस नियमाने टोचली तर काय साधते, हे बुळकांडीने दाखविले आहे. गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या या रोगाविरुद्ध भारतात १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; १९९५ नंतर तो देशात आढळला नाही, आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आजच्या तरुण पशुपालकाने बुळकांडी पाहिलेली नाही. त्यामुळे तिचे भयही त्याला नाही, आणि लशीचे मोलही त्याला कोणीतरी सांगावे लागते. घटसर्पाचे तसे नाही. त्याचा जंतू निरोगी जनावरांच्या घशातच लपून राहत असल्याने तो अजून दरवर्षी परत येतो.

मेलेल्या जनावराचे कातडे न काढता ते खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे, नदीत लोटू नये. उरलेल्या जनावरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. त्या क्रमांकापुढे लस टोचल्याचा दिवस लिहून घ्यावा, कारण घटसर्पाची लस पुढच्या पावसाळ्यापूर्वी पुन्हा टोचावी लागते.