काळं टोक म्हणजे मळ नव्हे

नाकावरचं काळं टोक आरशासमोर नखाने उकरणाऱ्यांना आधी एक सांगतो: तो मळ नव्हे. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकं वाढली की ती जादा तेल सोडते, मृत पेशी त्यात चिकटतात आणि छिद्राला बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं, तर त्यातलं मेलॅनिन हवेने काळं पडतं. आत जिवाणू माजून सूज आली, की झाला लाल, ठणकणारा मुरुम. दहादा साबण लावून हे बूच निघत नाही. कपाळावर पुळ्या असतील तर मात्र डोक्याला चोपडलेल्या तेलाकडे जरूर बघावं.

यावर डॉक्टर बहुधा अ‍ॅडापलिन हे मलम देतात. रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. सुरुवातीला कातडी सोलते आणि फरक दिसायला आठ-बारा आठवडे लागतात. इथेच धीर सुटतो आणि शेजारची मावशी ‘आमच्या पिंकीला लागू पडलेली’ ट्यूब सुचवते.

तिच्यात स्टेरॉइड असलं, तर चार दिवसांत लाली उतरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. महिनोन्महिने लावल्यावर कातडी पातळ होते, गालांवर रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, मुरुम उलट वाढतात. थांबवावं तर चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब! २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले.

घरातली ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं स्टेरॉइड दिसलं, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ट्यूब सोबत घेऊन.