गाडी कोणाची? चालवणाऱ्याची की कागदाची?

नवीन पिकअप गाडी लीजवर घ्यावी की नाही, हा प्रश्न आज नवी मुंबईतील अनेक तरुणांपुढे उभा आहे. वरवर पाहता हा एकेका घरातला व्यवहार आहे. वृत्तपत्राच्या स्तंभात त्याचे काय काम, असे काही समाजबांधव विचारतील. आमचे म्हणणे असे की, ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसली, त्या समाजाच्या तरुणाने दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवायला घेताना चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. आणि ते प्रश्न घरात एकट्याने नाही, तर दहा जणांत बसून विचारले पाहिजेत.

करावे गावाचे उदाहरण घेऊ. नेरूळ आणि सीवूड्सच्या मध्ये, खाडीच्या कडेला वसलेले हे जुने गाव. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. भाताची शेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या हाती काहीतरी लागले. पण जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, किंवा १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून पोट घेऊन इकडे आला, त्याच्या हाती फक्त हात उरले. या हातांना आज काम आहे ते वाहतुकीचे. एका बाजूला तुर्भ्याचा घाऊक बाजार, दुसऱ्या बाजूला १९८९ पासून चालू असलेले न्हावा-शेवा बंदर, आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. माल हलतो आहे. प्रश्न इतकाच की, तो हलवणारी गाडी कोणाची?

पूर्वी रस्ता एकच होता. थोडे पैसे भरायचे, फायनान्स काढायचे, आरसी बुकावर एचपी चढवायची आणि हप्ते फेडत राहायचे. शेवटचा हप्ता फिटला की एचपी उतरवायची आणि गाडी आपली. आता दुसरा रस्ता दाखवला जातो आहे. सुरुवातीला मोठी रक्कम नाही, विमा कंपनीचा, सर्व्हिसिंग कंपनीचे, आपण फक्त महिन्याचे भाडे भरायचे आणि मुदत संपली की चावी परत द्यायची. याला लीज म्हणतात. आपल्या आजोबांना हा शब्द माहीत नव्हता, पण व्यवहार चांगला माहीत होता. त्याला ते खंड म्हणत.

कोकणातील खोती आठवा. कुळाने कसायचे, खंड खोताला द्यायचा, आणि तीन पिढ्या कसूनही जमीन खोताचीच. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आगरी कूळ आणि महार शेतमजूर यांचे दुखणे एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून काही कार्यकर्ते आम्हाला सांगतात की, लीज म्हणजे नवी खोती, तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. भावना आम्हाला कळते. पण भावनेवर गाडी चालत नाही, डिझेलवर चालते. बाबासाहेब हे आधी अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणापुरते लक्षात ठेवतो. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान धारण जमिनींवर निबंध लिहिला. त्या काळचे विद्वान म्हणत होते की, जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात आहे. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जमिनीचा तुकडा केवळ लहान म्हणून तोट्याचा ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला भांडवल किती आणि श्रम किती, यांचे प्रमाण जुळले तर लहान तुकडाही परवडतो आणि बिघडले तर मोठाही बुडतो. हीच कसोटी पिकअपला लावा. गाडी स्वतःहून परवडणारी नसते की बुडवणारी नसते. तिच्या जोडीला काम किती दिवसांचे आणि हाताशी पैसा किती, यावर सगळे ठरते.

आता आकडे मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपल्या कागदावरचे आकडे घालून प्रत्येकाने हाच हिशेब पुन्हा करावा.

समजा, गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाख रुपये लागतात. २ लाख आपण भरले, ८ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने ४८ महिन्यांसाठी घेतले. हप्ता बसतो सुमारे २०,६७७ रुपये. चार वर्षांत हप्त्यांपोटी जातात सुमारे ९ लाख ९२ हजार. विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर यांचे चार वर्षांचे २ लाख ८० हजार धरा. आपले २ लाख मिळवले की एकूण खर्च १४ लाख ७२ हजार. चार वर्षांनी गाडीला ४ लाख आले, तर खरा खर्च १० लाख ७२ हजार.

दुसऱ्या बाजूला लीज. समजा, भाडे महिना २१,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मालवाहू गाड्यांवरचा हा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे महिन्याला २४,७८०. विमा आणि दुरुस्ती कंपनीची. ४८ महिन्यांचे होतात ११ लाख ८९ हजार. शेवटी हाती काही नाही. जीएसटीची नोंदणी नसलेल्या साध्या गाडीवाल्याला भाड्यावर भरलेला कर परतही मिळत नाही.

फरक निघाला सुमारे १ लाख १७ हजारांचा. लीज महाग पडली. पण थांबा. महिन्याला पंचवीस दिवस गाडी चालते असे धरले, तर लीजवाल्याला दिवसाला ९९१ रुपये बाजूला काढावे लागतात. कर्जवाल्याला हप्ता आणि विमा-दुरुस्ती मिळून लागतात सुमारे १,०६०. म्हणजे रोजच्या खिशाला लीज हलकी आहे आणि चार वर्षांच्या पदराला जड आहे. शिवाय कर्जवाल्याला पहिल्याच दिवशी २ लाख उभे करावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत, तो ते कुठून आणतो? खाजगी सावकाराकडून, किंवा आईचे मंगळसूत्र गहाण टाकून. त्या पैशाचे व्याज वर धरले, तर १ लाख १७ हजारांचा फरक कुठल्या कुठे विरून जातो. जाहिरातवाले हे सांगत नाहीत आणि लीजला सरसकट शिव्या देणारेही हे सांगत नाहीत.

कर्जातही फसगत आहे. शोरूममध्ये सांगतात, "फक्त सात टक्के फ्लॅट." ८ लाखांवर सात टक्के फ्लॅट म्हणजे चार वर्षांचे व्याज २ लाख २४ हजार आणि हप्ता २१,३३३. मुद्दल दर महिन्याला कमी होते, पण व्याज पूर्ण ८ लाखांवरच धरलेले असते. त्यामुळे खरा दर पडतो साडेबारा टक्क्यांच्या पुढे. ११ टक्के ऐकून दचकणारा माणूस सात टक्के ऐकून सही करतो आणि जास्त भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे एक पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. ते पत्रक मराठीत मागा. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८ ची मालकाची व्याख्या फार कमी लोकांना ठाऊक आहे. गाडी भाडेखरेदीवर, लीजवर किंवा तारणावर असेल, तर त्या कराराने जिच्या ताब्यात गाडी आहे, ती व्यक्ती या कायद्यापुरती मालक धरली जाते. म्हणजे विकायची म्हटली तर गाडी कंपनीची, आणि अपघात झाला तर जबाबदारी चालवायला घेणाऱ्याची. म्हणून विमा कंपनी भरते, एवढ्या तोंडी शब्दावर राहू नका. पॉलिसीची प्रत गाडीत हवी, मुदत आपल्याला पाठ हवी. आयकरातही फरक आहे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्याला लहान गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरून विवरणपत्र भरण्याची सोय आहे. हप्त्यावर घेतलेली गाडी त्यात स्वतःची धरली जाते. लीजवाल्याने मात्र आधी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

आणि हप्ता थकला तर? बँकांनी गुंड पाठवून गाड्या ओढून नेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सुनावले आहे. तरीही २०२२ साली झारखंडमधील हजारीबाग येथे वसुलीवाले ट्रॅक्टर ओढून नेत असताना शेतकऱ्याची गर्भवती मुलगी चाकाखाली चिरडली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या माणसांकडून वसुली करण्यास काही काळ मनाई केली. कायदा आहे, पण तो रस्त्यावर आपल्या मदतीला आपोआप धावून येत नाही. गाडी अडवली तर लेखी नोटीस मागा, पोलीस ठाण्यात नोंद करा, हे आपल्या पोरांना शिकवावे लागेल.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मते एकच प्रश्न सर्वांत आधी विचारावा. काम किती महिन्यांचे पक्के आहे? माल देणारी कंपनी तीस दिवसांच्या नोटिशीवर काम बंद करू शकत असेल आणि आपण मात्र ४८ महिन्यांच्या भाड्याला बांधलेलो असू, तर सगळा धोका आपल्या डोक्यावर आहे. करार मधेच मोडला तर किती महिन्यांचे भाडे द्यावे लागेल, महिन्याला किती किलोमीटरची मर्यादा आहे, गाडी परत देताना ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार, गाडी गॅरेजमध्ये पडून असेल तेव्हा भाडे चालू राहते की थांबते, ही चार कलमे करारात शोधा. ती सापडली नाहीत तर लिहून घ्या.

ज्याच्या हाती लीजच्या मुदतीइतके पक्के काम आहे पण सुरुवातीचा पैसा नाही, त्याने लीज घ्यायला हरकत नाही. त्यात कमीपणा नाही. ज्याची स्वतःची गिऱ्हाइके आहेत, मासळीवाले, भाजीवाले, मंडपवाले, आणि जो सात-आठ वर्षे गाडी राखणार आहे, त्याने कर्ज काढून मालक व्हावे. ज्याच्याकडे ना काम पक्के, ना पैसा, त्याने दोन्ही टाळावे. आधी तीन महिने दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राहावे, किती फेऱ्या मिळतात ते वहीत लिहावे. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. ती वहीच पुढे बँकेपुढे बोलेल.

पण सगळे ओझे तरुणावर टाकून शासनाला मोकळे सोडता येणार नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. त्याच्या बीजभांडवल योजनेची चौकट वर्षानुवर्षे पाच लाखांच्या प्रकल्पाची राहिली. त्यात २० टक्के बीजभांडवल महामंडळाचे, ७५ टक्के बँकेचे, ५ टक्के अर्जदाराचे. योजना चांगली, पण दहा लाखांची गाडी पाच लाखांच्या चौकटीत कशी बसणार? सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जातींच्या बचत गटांना साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना आणली. गावाकडे ती उपयोगाची आहे. पण करावे, तुर्भे, दिघा येथे ट्रॅक्टरने नांगरायचे काय? सिमेंटचे रस्ते? शहरातल्या बचत गटांना त्याच धर्तीवर मालवाहू गाडी मिळाली पाहिजे, आणि बीजभांडवलाची मर्यादा गाडीच्या आजच्या किमतीला धरून ठरली पाहिजे. ही मागणी आपण निवेदनात लिहून देत नाही, कारण निवेदन लिहिणाऱ्याने कधी गाडीचा हप्ता भरलेला नसतो.

आणखी एक काम आपल्याच हातात आहे. वंदनेला आपण एकत्र जमतोच. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर करार वाचायला बसा. बँकेत नोकरी केलेला कुणी निवृत्त बांधव, वकिली करणारी कुणी भगिनी आणि दहा वर्षे स्टिअरिंग हाती धरलेला एक चालक, एवढी तीन माणसे पुरेत. शेजारच्या आगरी-कोळी तरुणालाही बोलवा, कारण त्याच्यापुढचा कागद तोच आहे. चरीला एकत्र आलेल्यांची नातवंडे एका टेबलाभोवती बसू शकत नाहीत, असे आम्ही मानत नाही. गाडीच्या काचेवर निळे अक्षर रंगवायला दोनशे रुपये लागतात. त्याआधी करारावरचे बारीक काळे अक्षर वाचायला मात्र एक दुपार द्यावी लागते. ती दुपार द्या आणि मगच सही करा.