दाढेचा आकार आणि दाढेवरचे ओरखडे

मागच्या व्याख्यानात आपण दाढांच्या आकारावरून प्राण्याचा आहार कसा ओळखतात ते पाहिलं. आज त्याचीच थोडी उलटतपासणी करू या, कारण आकार कधीकधी फसवतो.

१९५९ साली टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना साधारण साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. माणसाच्याच कुळातला, पण नामशेष झालेला हा प्राणी म्हणजे पॅरान्थ्रोपस बॉइसी. प्रचंड सपाट दाढा, त्यांवर इनॅमलचा जाड थर, दणकट जबडा. साहजिकच नाव पडलं 'नटक्रॅकर मॅन'. कठीण कवचाची फळं फोडणारा!

बरं, हे तपासायचं कसं? घरातला पाटा आठवा. रोज वाटण वाटलं तर तो झिजून गुळगुळीत होतो. त्याच्यावर सुपारी फोडली तर टवका उडतो. दाढेचंही तसंच आहे. कठीण बी दाबून फोडली की इनॅमलवर खळगे पडतात. गवत-पानं घासून चावली की धुळीच्या आणि सिलिकाच्या कणांनी बारीक ओरखडे उठतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. म्हणून दाढेचा सिलिकॉनमध्ये ठसा घेतात, त्यावरून प्रतिकृती ओततात आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

पीटर उंगर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली बॉइसीच्या सात जणांच्या दाढा अशा तपासल्या. कठीण फळं फोडणाऱ्या माकडांच्या दाढांवर असतात तसे खळगे एकाच्याही दाढेवर नव्हते. होते ते बारीक ओरखडे.

आता तुम्ही म्हणाल, जुने ओरखडे तर झिजून जातात, मग दिसतात ते शेवटच्या काही दिवसांचेच ना? दुष्काळात तो कठीण फळं खात असेल तर? शंका अगदी रास्त आहे. म्हणून आपल्याला दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे कार्बन. लहानपणी इनॅमल तयार होताना अन्नातला कार्बन त्यात कायमचा बसतो. उष्ण प्रदेशातल्या गवतांत (आपली ज्वारी आणि ऊस त्यांतलेच) जड कार्बनचं प्रमाण झाडांच्या पानाफळांपेक्षा जास्त असतं. केनियातल्या बॉइसीच्या दातांचा २०११ साली अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ७७ टक्के आहार गवत-लव्हाळ्यांच्या गटातला निघाला.

म्हणजे काय खाता येईल ते दाढेचा आकार सांगतो, प्रत्यक्षात काय खाल्लं ते ओरखडे आणि कार्बन सांगतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात. इथे तर खायच्या दातांनीच आपल्याला फसवलं होतं.