बुलेटचा श्वासोच्छ्वास

मराठीच्या प्राध्यापकाने इंजिनाविषयी लिहू नये, असा कोठे नियम नाही. शिवाय विषय घरचाच आहे. माझे मेहुणे गेल्यावर त्यांची १९८६ सालची साडेतीनशे सी.सी.ची बुलेट भाच्याकडे आली, आणि गेल्या उन्हाळ्यात चिरंजिवांनी जाहीर केले, "मामा, इंजिन उघडतोय. हेडला मोठे व्हॉल्व्ह आणि आत रेसिंगचे कॅम. गाडी उडाली पाहिजे!" कॅम एका मित्राने विलायतेहून मागवलेलेच होते. ताईच्या तोंडचे पाणी पळाले. नवऱ्याची एवढी एकच वस्तू रोज आवाज करीत घरी येते, तीही आता ओळखू येणार नाही, असे तिला वाटले. निवाडा अर्थातच माझ्याकडे आला. मग मी नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने पालथी घातली आणि एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात स्टुलावर बसून शिकवणी घेतली.

इंजिन श्वासावर चालते. हेड हे त्याचे नाक. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण एका वाटेने आत येते, धूर दुसऱ्या वाटेने जातो, आणि दोन्ही वाटांच्या तोंडाशी एकेक व्हॉल्व्ह असतो. तो केव्हा उघडायचा, किती उघडायचा आणि केव्हा मिटायचा, हे कॅम ठरवतो. कॅम म्हणजे एका अंगाला उंचवटा असलेली चकती. बुलेटमध्ये असे दोन कॅम दंतचक्रांवर फिरतात आणि लांब पुशरॉडांच्या मार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. म्हणजे मिनिटाला ५६०० फेऱ्या झाल्या, की व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४७ वेळा उघडमीट करतो. आमच्या स्टाफरूमचे दारही एवढे वाजत नाही.

पिस्टन खाली पोचला की आत येण्याचे दार मिटावे, असे आपल्याला वाटेल. पण वेगाने येणारे मिश्रण, पिस्टन वर निघाला तरी आपल्याच रेट्याने आत शिरत राहते. म्हणून दार जरा उशिरा मिटतात. रेसिंगचा कॅम ते आणखी उशिरा मिटतो. भरधाव इंजिनाला त्याने जास्त श्वास मिळतो. इंजिन सावकाश फिरत असले, की मात्र मिश्रणाला तेवढा रेटा नसतो आणि वर येणारा पिस्टन त्यातले काही आल्या वाटेने परत ढकलून देतो. आत दाबायला उरले ते कमीच! मग कॉम्प्रेशन वाढवा, म्हणजे किक मारताना गुडघा धरा आणि चढावर नॉकिंग ऐका.

दुसरी गोष्ट आम्हा व्याकरणवाल्यांच्या आवडीची. धुराचे दार पुरते मिटण्याआधीच नव्या मिश्रणाचे दार उघडते. ही चक्क संधी झाली. आधीच्या शब्दाचा शेवट आणि पुढच्याचा आरंभ एकमेकांत मिसळलेला. रेसिंगच्या कॅममध्ये ती फार लांबवलेली असते. वेगात ती खपून जाते. सिग्नलला उभी असताना गाडी तोतरी बोलते.

हेडचेही तेच. वाट रुंद केली की हवा जास्त जाते खरी, पण इंजिन हळू चालत असताना ओघ मंदावतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट ठेवले की पाणी लांब जाते, हे मुलांनाही ठाऊक आहे. म्हणूनच हेड आणि कॅम ही जोडी पत्रिका जुळवूनच आणावी लागते.

हा वाद अमेरिकेत फार जुना आहे. शेव्हरोले कंपनीने १९७० साली शेव्हेल गाडीत ४५४ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन दिले. तिकडे अशांना बिग-ब्लॉक म्हणतात. त्याचा एकेक सिलिंडर आपल्या बुलेटच्या अडीचपटीहून मोठा! ते दोन प्रकारांत मिळे. साध्याच्या हेडची वाट लंबगोल, अश्वशक्ती ३६०. जहालाची वाट मोठी, चौकोनी, कॅमही तिखट, अश्वशक्ती ४५०. परंतु चाक फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो कंपनीच्या आकड्यांत दोघांचा सारखाच होता. आणि साध्या इंजिनाला तो कमी फेऱ्यांतच मिळे. तिकडचे जाणते आजही रस्त्यासाठी लंबगोल वाटेचेच हेड सुचवतात.

भाच्याला मी एकच काम सांगितले: आठवडाभर स्पीडोमीटरचा काटा कोठवर जातो, ते वहीत लिही. धनकवडीहून हिंजवडीला रोजची ये-जा. काटा साठाच्या पुढे दोनदाच गेला होता, दोन्ही वेळा रविवारी, खंबाटकीच्या वाटेवर. रेसिंगचा कॅम ज्या वेगात रंगात येतो, तेथे ही स्वारी पोचणार कधी?

शिवाय या इंजिनाची धाव लांब. सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ९०. मिनिटाला ५६२५ फेऱ्यांना अठरा अश्वशक्ती मिळते, तेव्हाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सतरा मीटरच्या घरात असतो. त्यापुढे ताणले तर खालची बेअरिंगे रडणार. गाडीत फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही आडवे येऊ शकते, ते वेगळेच. मिस्त्री एवढेच म्हणाले, "सर, घासलेलं अल्युमिनियम परत चिकटत नाही."

शेवटी हेड मूळचेच राहिले. नव्या गाईड बसवल्या, सीट नीट कापल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. वाटेतला ओतकामाचा खरखरीतपणा काढला, पण वाट रुंद केली नाही. कार्ब्युरेटरच्या गॅस्केटची कडा वाटेत आली होती, ती कापली. मिस्त्रींच्या मते निम्मा रोग तोच. कॅम जुनेच. आता कात्रजच्या चढावर जेथे दुसरा गिअर लागे, तेथे तिसरा चालतो. भाचा म्हणतो, "मामा, उडत नाही, पण ओढते मस्त."

मित्राचे विलायती कॅम अजून घरीच आहेत, तेलकट कागदात गुंडाळलेले. तो न्यायला येईपर्यंत ते ताईच्या कपाटात राहतील. किल्ली तिच्या कमरेला आहे.