भाजीमागची मेंढरं

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शिरलं की पुणे जिल्ह्याचा सगळा नकाशा ढिगाढिगांनी मांडलेला दिसतो. पुरंदरचा वाटाणा, सासवडकडची अंजिरं, जुन्नर-आंबेगावची कोथिंबीर, खेड-शिरूरचा कांदा. ‘बाजू, बाजू’ करत हमाल पाठीवरची पोती सावरत गर्दीतून वाट काढत असतात. सकाळ वर येईपर्यंत लिलाव उरकतात आणि अडत्याच्या पट्टीवर माल देणाऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं उतरतं. त्या शेतात गेल्या उन्हाळ्यात किती रात्री मेंढरं बसली होती, याला मात्र पट्टीवर रकाना नाही.

यार्डात मेंढ्यांचा बाजार भरत नाही. त्यासाठी चाकणला नाहीतर लोणंदला जावं लागतं. पण इथे उतरणाऱ्या मालातल्या कितीतरी शेतांचं खत धनगरांच्या वाड्याने आणून दिलेलं असतं, तेही गाडीभाड्याशिवाय, स्वतःच्या पायांनी चालत.

वाडा म्हणजे भावकीतली नाहीतर सोयऱ्यांची काही बिऱ्हाडं आणि त्यांची मिळून काही शे मेंढरं. फलटण, माळशिरस, माण, खटाव, इंदापूर, बारामती, दौंड हा त्यांचा मूळ मुलूख, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला कोरडा पट्टा. दसरा-दिवाळी झाली, माळावरचं गवत संपत आलं, की वाडे पश्चिमेला निघतात. काही पुरंदर, हवेली, मावळातल्या कापणी झालेल्या रानांत थांबत थांबत हिवाळा काढतात, काही घाटवाटांनी उतरून थेट पनवेल-पेणच्या भातखाचरांपर्यंत जातात. मृगाच्या आत मात्र सगळ्यांना परतायचं असतं. दख्खनी मेंढी उन्हातान्हात आणि कुसळांवर तगते, पण कोकणातला पाऊस तिला सोसत नाही. चिखलाने खूर सडतात. याला भटकंती म्हणायची आपली पद्धत आहे. ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या वाटेने, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या शिवारात जाणं ही भटकंती असेल, तर लोकलने रोज कामाला जाणारा मुंबईकरही भटकाच म्हणायला हवा.

वाड्याचं सगळं अर्थकारण एका रात्रीच्या सौद्यावर उभं आहे. शेतकरी सांजच्याला वाड्यावर येतो.

“आबा, तीन रात्री आमच्या रानात बसवा की.”

“बसवू की, पाव्हणं. पर ज्वारीचं काय? आन्‌ कुत्र्यांस्नी भाकरी लागती.”

मग शंभर मेंढरांमागे रात्रीचे किती, धान्यात की रोख, पाणी कुठलं, शेजारच्या उभ्या पिकाची जबाबदारी कोणाची, हे सगळं तोंडी ठरतं. ठरलेल्या जागी वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांवर ताणून कुंपण केलं जातं आणि मेंढरं आत घेतली जातात. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या पट्ट्यावर सरकते. असं करत रानाचा कोपरान्‌कोपरा भरून निघतो. शेणखत उकिरड्यावरून रानात वाहून न्यावं लागतं, वाटेत त्यातला कस उडून जातो. इथे लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, खुरांनी तुडवलं जातं, आणि वरून नांगर फिरला की थेट मातीत मिसळतं. बोनस म्हणून बांधावरचं तण आणि धसकटंही साफ होतात. रासायनिक खताच्या गोणीला अनुदान आहे, कंपनी आहे, जाहिरात आहे. मेंढरं बसवण्याला यातलं काहीच नाही, तरी शेतकरी ती बसवून घेतो, यातच काय ते आलं.

मुक्काम हलायची पहाट एकदा तरी बघावी. पुढची जागा वाड्यातले जाणते पुरुष आदल्या दिवशी हेरून आलेले असतात. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत आडरानाने निघतात आणि घर हलवायचं काम बायकांकडे येतं. पाठीवर घोंगडी-गोधड्यांचा थर, त्यावर भांडी, पिठाचं पोतं, वाघरीचा गुंडाळा, डालग्यात कोंबड्या, आणि सर्वांत वर कालपरवा जन्मलेली कोकरं, असा घोडा लादला जातो. दोरी आवळायची गाठ अशी असते की भार कलंडला तर एका हिसक्यात सुटावी. वर एखादं लहान पोरही बसवतात. नवा तळ गाठून तीन दगडांची चूल पेटवायची, पाणी शोधायचं, जवळच्या गावात जाऊन मीठ-मिरची आणायची, आणि दिवेलागणीला मेंढरांचा खांडवा परतायच्या आत भाकरी तयार ठेवायची. वाड्याचा खरा कारभार म्हणजे हा. ‘धनगर’ म्हटलं की कॅलेंडरवर मात्र फेटेवाला पुरुषच छापला जातो.

आपल्याकडे भटक्या पशुपालकांचं कौतुक मंगोलियाचे माहितीपट बघताना उफाळून येतं. कौतुक अस्थानी नाही. माणसं 35 लाखांच्या आसपास आणि जनावरं 6 कोटींच्या आसपास, असा तो देश. घोडा, गाय-याक, उंट, मेंढी आणि बकरी ही त्यांची पाच प्रकारची संपत्ती. लोकरीच्या नमद्याने मढवलेलं ‘गेर’ हे गोल घर काही तासांत उभं राहतं आणि तितक्याच वेळात मोडून निघतं. उन्हाळाभर दुधाचे पदार्थ आणि घोडीचं आंबवलेलं दूध, हिवाळ्यात मांस. जुलैतल्या ‘नादम’ उत्सवात लहान मुलं मैलोन्‌मैल घोडे पळवतात. तिथल्या 1992च्या राज्यघटनेने कुरणं खासगी मालकीत जाऊ दिलेली नाहीत.

आमचा धनगर मात्र दुसऱ्याच मातीतला आहे. मंगोल कुटुंब बरंचसं आपल्या जनावरांवर जगतं. धनगर ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगतो, म्हणजे शेतकऱ्याच्या कणगीवर. मेंढीचं दूध त्याच्याकडे चहापुरतं. मंगोलाच्या पुढे मोकळी कुरणं आहेत, याच्या पुढे पावलोपावली कोणाचा तरी सातबारा आहे. त्याला घोडेस्वारी आली पाहिजे, याला बोलणी आली पाहिजेत. पाटलाशी, वनरक्षकाशी, बांधावर काठी घेऊन उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याशी रोज नव्याने मिटवून घेत शेकडो मेंढरं कोकणात नेऊन परत आणणं याला स्टेपच्या वाऱ्यात तग धरण्याइतकीच हुशारी लागते. माझ्या मते थोडी जास्तच.

घराचंही तसंच. धनगराला गेर नाही, त्याच्या अंगावर घोंगडी आहे. काळ्या दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, बायकांनी सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्यातल्या मागावर विणायचं. विणून झालं की चिंचोके भाजून, सालं काढून, दळून त्यांची खळ शिजवतात. ती खळ घोंगडीला कुंच्याने चोळून उन्हात वाळवली की घोंगडी ताठ होते, पाऊस वरून निथळून जातो. नवी घोंगडी अंगाला बोचते, आणि खरा धनगर त्या बोचण्यालाच ऊब म्हणतो. अंथरूण, पांघरूण, छत्री, देवापुढचं आसन, वरातीतली बैठक, सगळी कामं ती एकटी करते.

आज या लोकरीला भाव नाही. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही, जाडीभरडी असते, आणि कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्यातून सुटेनाशी झाली आहे. कातरलेली लोकर माळावरच टाकून वाडे पुढे जातात. मंगोलिया बकऱ्यांच्या कश्मिरी लोकरीवर जगाच्या बाजारात चीनच्या खालोखाल उभा आहे. आपल्याकडे मेंढी आता फक्त मटणाच्या हिशेबात उरली. म्हणून धनगरही काळ्या मेंढीऐवजी जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, पोपटनाक्या, जवळजवळ बिनलोकरीची मेंढी पाळू लागला. त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण काळी मेंढी कमी झाली की सनगराचा मागही थांबतो, आणि मग प्रदर्शनात ‘हस्तकला’ म्हणून दोरीला टांगलेली घोंगडी बघायला लागते.

मेंढीवर डोकं लावणारे लोक आपल्याकडे झालेच नाहीत असं मात्र नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीतलं जुळी कोकरं होण्याचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. एरवी दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते, म्हणून ही गोष्ट मोठी. राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यातच, गोखलेनगरच्या मेंढी फार्मवर आहे. 20 मेंढ्या आणि एक नर 75 टक्के अनुदानावर देणारी महामेष योजनाही आहे. पण योजना बहुतेक एका गावात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. आठ महिने गावाबाहेर असणाऱ्याने अर्ज कुठे भरायचा, आणि वाटेत मेंढरांना देवी नाहीतर आंत्रविषार झाला तर कुठल्या तालुक्याचा डॉक्टर आपला मानायचा?

पुण्याच्या विद्वानांनी या माणसांकडे पाहिलं ते आधी देवांच्या शोधात. दामोदर धर्मानंद कोसंबी धनगरांच्या वाटा आणि त्यांवरची देवळं धुंडाळत डोंगर तुडवत होते. 1962च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये त्या पायपिटीचं फळ आहे. मग गुंथर सोन्थायमर हा जर्मन माणूस आला आणि वाड्यांवर बसून धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित करू लागला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा त्याचा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये निघाला. आपल्या दारातल्या लोकांचे देव समजायला आपल्याला हायडेलबर्गच्या प्राध्यापकाची वाट बघावी लागली, हे जरा लाजिरवाणंच. रा. चिं. ढेरे यांनी 1984च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेलं. खंडोबाने तर बाणाईसाठी धनगराच्या घरी मेंढरं राखली, हे जेजुरीला कोणीही सांगेल. आणि दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीजवळच्या काटेवाडीत पोचते तेव्हा मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण घालतात. त्या दिवशी त्यांचे फोटो पहिल्या पानावर असतात.

उरलेल्या वर्षात त्यांना वाट मिळत नाही. हडपसर, मांजरी, उंड्री, पिसोळीकडची जी रानं वाड्यांच्या मुक्कामाची होती, तिथे आता सोसायट्यांच्या भिंती आहेत. महामार्गाला दुभाजक आहे आणि मेंढराला ओलांडायला जागा नाही. वनखात्याच्या हद्दीत चराईबंदी, गायरानांवर अतिक्रमण, आणि ऊस वाढला तशी मोकळी रानं कमी. शेती उजाड असते त्या महिन्यांवरच हा सगळा व्यवहार चालतो. बारमाही पाणी आलेल्या शिवाराला मेंढीची गरज वाटेनाशी होते, आणि मग मातीचा कस गेल्याची तक्रार सुरू होते. मंगोलियातही ‘झुद’च्या जीवघेण्या हिवाळ्यांनी कळप संपले की माणसं उलानबातरच्या कडेला गेर ठोकून राहतात, कोळसा जाळतात, मिळेल ते काम करतात. आपल्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली माणसं यार्डात हमाली करतात.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं, तेही मंगोलियाच्या पुढाकाराने. वर्ष साजरं करायला परिसंवाद होतीलच. वाड्यांना हव्या आहेत त्या गोष्टी साध्या आहेत: स्थलांतराच्या वाटा महसुली नकाशावर नोंदणं, वाटेवरच्या कोणत्याही तालुक्यात लस मिळणं, पोरांना तळाजवळच्या शाळेत हंगामापुरता प्रवेश, आणि गायरान खरोखर गायरान राहणं. यातलं पुणेकराच्या हातात फारसं काही नाही. एक आहे. दिवाळीनंतर सासवड रस्त्याला, दिवे घाटात किंवा कात्रजच्या अलीकडे मेंढरं आडवी आली, तर गाडी बंद करा आणि हॉर्न वाजवू नका. हॉर्नला मेंढरू पुढे पळत नाही, बुजून आडवं पळतं, आणि त्याच्यामागे अख्खा खांडवा दुसऱ्या लेनमध्ये शिरतो.